डहाणू रोडहून 78 च्या वेगानं

डहाणू रोडच्या फलाटावर तुम्ही उभे आहात आणि साल 1936 आहे. पावसाळा सरून दीडेक महिना झालाय. मालधक्क्यावर गवताच्या गासड्या रचल्यात, दोन पुरुष उंच. सुक्या गवताचा वास खाऱ्या वाऱ्यात मिसळून सगळ्या स्टेशनभर पसरलाय. हे गवत मुंबईला जाणार, तबेल्यांतल्या म्हशींना आणि व्हिक्टोरियाच्या घोड्यांना. कापलं वारली आदिवासींनी, वाहून आणलं वारल्यांनी, आणि पैसे मोजून घेणार जमीनदार. या गासड्या नीट पाहून ठेवा. नऊ वर्षांनी तुम्हाला त्यांच्यासाठी परत यायचंय.

तुमच्या शेजारी बाकावर एक इराणी बागायतदार बसलेत. चिकूची वाडी आहे त्यांची. पायाशी लाकडी पेटी, पेटीत चावीचा फोनो. स्प्रिंग तुटलीय, दुरुस्तीला मुंबईला चाललेत. बरोबर कागदी पाकिटातल्या चार रेकॉर्डी. तुम्ही एक हातात घेता. हाताला जड लागते, आणि नखानं टिचकी मारली तर चिनीमातीच्या बशीसारखी वाजते. ही अजून प्लॅस्टिकची नाही. ही लाखेची आहे. पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर जे किडे लाख करतात तीच लाख, तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून, तापवून, दाबून काढलेली. जगभरच्या रेकॉर्डींना लागणारी लाख मुख्यतः हिंदुस्थानातूनच जाते. न्यू ऑर्लिन्सच्या एखाद्या वादकाची फुंक शिकागोत मेणावर कोरली गेली, तरी ती ज्या तबकडीवर घरोघर पोचते तिच्यात आपल्याकडच्या झाडांचा अंश असतो. पळस तर तुमच्या मागच्या रानातही आहे, तलासरीच्या वाटेवर.

गाडी येते. वाफेचं इंजिन, कोळशाचे कण डोळ्यांत. वैतरणेचे पूल ओलांडून, विरार-बोरिवली मागे टाकून तुम्ही बॉम्बे सेंट्रलला उतरता. स्टेशन नवं आहे, सहा वर्षांपूर्वीचं. ट्रामनं अपोलो बंदराच्या बाजूला या.

ताजमहाल हॉटेल. जमशेदजी टाटांनी 1903 मध्ये उघडलेलं. नाचघराच्या दाराशी काळा कोट आणि बो टाय पाहूनच आत सोडतात, तेव्हा तो आज तुमच्या अंगावर आहे असं समजा. आत पाऊल टाकताच आवाज अंगावर येतो. फोनोच्या कर्ण्यातून येणारा बारीक, नाकातला आवाज ऐकायची सवय असलेल्या कानाला हा सहन व्हायला थोडा वेळ लागेल. ट्रंपेटचं पितळ चमकतं आणि तसंच वाजतं. गेल्या वर्षी व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी आपला बँड घेऊन इथं आला. सगळे वादक काळे अमेरिकन. आणि ट्रंपेट घेऊन उभा असलेला हा वयस्क गृहस्थ क्रिकेट स्मिथ. त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघा. 1913-14 मध्ये जेम्स रीझ युरोपच्या वाद्यवृंदानं न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी जे नाचाचे तुकडे मुद्रित केले त्यांत कॉर्नेट याचं होतं. जॅझ हे नाव लावून पहिली रेकॉर्ड बाजारात आली 1917 मध्ये. म्हणजे या संगीताचं बारसं व्हायच्या आधी ज्यानं ते वाजवलं, तो माणूस डहाणूहून काही तासांवर, तुमच्यासमोर उभा आहे.

याच 1936 मध्ये त्याच्या सिम्फोनियन्स या बँडनं मुंबईतच, रेक्स लेबलसाठी, मेना सायलसनं रचलेलं 'ताज महाल' हे फॉक्सट्रॉट मुद्रित केलं. ही रेकॉर्ड पुढेमागे कुठं ऐकायला मिळाली तर सोडू नका. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावतात. त्यामुळे नाचघरात पंधरा मिनिटं रंगलेला तुकडा मेणावर उतरवताना कापावा लागतो. कोणाचं वादन ठेवायचं, कोणाला आठच आवर्तनं द्यायची, हे लाल दिवा लागायच्या आत ठरवायचं. चूक झाली तर मेणाची तबकडी फुकट. जोडकाम, दुरुस्ती काही नाही. जुन्या जॅझ रेकॉर्डींत जी घाई आणि नेमकेपणा एकदम ऐकू येतो तो या बंधनातून आलेला आहे. आपल्याकडच्या बाईजींनी आणि बुवांनीही याच तीन मिनिटांत ख्याल बसवला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रेकॉर्डी ज्यांनी ऐकल्यात त्यांना ही शिस्त नवी नाही.

याच काळात ताजच्या पियानोवर बसणारा दुसरा माणूस म्हणजे टेडी वेदरफर्ड. 1903 चा जन्म, व्हर्जिनियातला. 1926 च्या मे महिन्यात शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात लुई आर्मस्ट्राँगबरोबर त्यानं दोन बाजू मुद्रित केल्या. त्या आज ऐका: आर्मस्ट्राँग तर आहेच, पण मागून पियानो ज्या जोरानं धावतो त्यानं तुम्ही दचकाल. त्याच वर्षी वेदरफर्ड आशियाकडे निघाला, शांघाय आणि मग मुंबई, आणि अमेरिकेत त्याचं नाव हळूहळू पुसलं गेलं. अमेरिकन इतिहासकार त्याला हरवलेला म्हणतात. तो हरवला नव्हता. तो इथं होता, रोज संध्याकाळी वाजवत होता.

बँडकडे पुन्हा नजर टाका. पुढच्या काही वर्षांत या खुर्च्यांवर चेहरे बदलताना दिसतील. गोव्याचे वादक येतील. पोर्तुगीज अमलातल्या चर्चच्या शाळांत लहानपणीच स्वरलेखन वाचायला शिकलेली ही मुलं, व्हायोलिन हातात धरूनच मोठी झालेली. कुडचड्याचा फ्रँक फर्नांड ट्रंपेट घेऊन येईल. रूडी कॉटन येईल टेनर सॅक्सोफोन घेऊन. नावावर जाऊ नका, हा आपला पारशी, कावस खटाव. 1939 मध्ये मिकी कोरिया ताजचा बँड हाती घेईल तो 1960 पर्यंत सोडणार नाही. एकवीस वर्षं एका नाचघरात! आणि यातलं किती मुद्रित झालं? मूठभर. हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे ही. मुंबईनं रात्रीमागून रात्री हे संगीत ऐकलं, त्यावर नाच केला, आणि बहुतेक सगळं हवेत जाऊ दिलं.

आता रेकॉर्ड पालटा. 1945.

25 एप्रिलला कलकत्त्यात टेडी वेदरफर्ड पटकीनं जातो. वय एकेचाळीस. आणि 23 मेला तुम्ही तलासरीजवळ झरी गावात उभे आहात. कडक ऊन, पळसाची पानं मोठी झालेली, सावली मिळेल तिथं माणसं बसलेली. चारी बाजूंच्या पाड्यांवरून पायी आलेले काही हजार वारली. बोलतायत त्या किसान सभेच्या गोदावरी परुळेकर. वेठ करायची नाही, मजुरीशिवाय कोणाच्या शेतावर पाऊल ठेवायचं नाही, असं इथं ठरतं. पावसाळा संपतो, गवत तयार होतं, आणि ऑक्टोबरात विळे खाली ठेवले जातात: पाचशे पौंड गवत कापायचे अडीच रुपये द्या, मगच कापू. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्यांवर पोलीस गोळ्या चालवतात. जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबरचे आणखी चौघे जातात.

डहाणूच्या फलाटावर पाहिलेल्या गासड्या त्या याच. जॅझच्या रेकॉर्डीवर लिहिताना हे कशाला, असं कोणी विचारेल. मला ते टाळता येत नाही. ताजच्या दारात थांबलेल्या व्हिक्टोरियाचा घोडा जे खात होता ते तलासरीच्या माणसानं वेठीनं कापलेलं होतं. आणि आत जे वाजत होतं ते कापसाच्या मळ्यांत वेठीनं राबलेल्यांच्या नातवंडांनी घडवलेलं संगीत होतं. त्या दोघांची गाठ कधी पडली नाही. तुमची मात्र दोघांशीही पडलीय, आणि एकाला ऐकताना दुसऱ्याला विसरू नये एवढंच मला वाटतं. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' तुमच्याकडे असेल तर ते रेकॉर्डींच्या कपाटातच ठेवा.

1951. आता तुम्हाला फार लांब जावं लागत नाही. डहाणूतल्या कुठल्याही घरातला रेडिओ किंवा फोनो पुरे. मुंबईत दारूबंदी आलीय. हॉटेलांची नाचघरं ओस पडतायत, बँड लहान होतायत. नुकत्याच पश्चिम रेल्वे झालेल्या या रुळांवर उत्तरेकडे थोडं गेलं की पोर्तुगीजांचं दमण, तिथं दारूला बंदी नाही. पण तिथं बँड पोसतील अशी नाचघरंही नाहीत. मग हे वादक करतात काय? ते दादर-परळ-महालक्ष्मीच्या स्टुडिओंत शिरतात.

तिथं त्यांची वाट बघत बसलाय एक मराठी माणूस. रामचंद्र नरहर चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा, विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली शिकलेला. सी. रामचंद्र. त्याच्या शेजारी ट्रंपेट घेऊन बसलाय हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ, जग ज्याला चिक चॉकलेट म्हणतं. गळ्याचा खरखरीतपणा, रुमाल, हसू, सगळं आर्मस्ट्राँगचं. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणत. 1947 चा 'शहनाई', 1950 चा 'समाधी' आणि आता मास्टर भगवानचा, म्हणजे आपल्या भगवान आबाजी पालवांचा, 'अलबेला'. 'शोला जो भडके' लावा. चित्रपटात चिक आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. पण डोळे मिटून नुसती 78 ची रेकॉर्ड ऐका. लता आणि चितळकर गातायत. त्यांच्या मागे पितळी वाद्यं ज्या जागी टोकतात, ताल ज्या जागी अर्धा श्वास रोखून मग सुटतो, ते ताजच्या नाचघरातून थेट इथं आलंय. गिरगावच्या चाळीत, डहाणूच्या वाडीत, बोर्डीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात ज्यांनी या गाण्यावर पाय ठेका धरून हलवला त्या सगळ्यांनी जॅझ ऐकला होता. त्यांना तो परका वाटला नाही, आणि तो परका नव्हताही.

रेकॉर्डीच्या लेबलवर मात्र चिकचं नाव शोधू नका. संगीतकाराचं आहे, गायकांचं आहे. सगळ्या वाद्यांचे भाग कागदावर लिहून काढणारे, दुसरा ट्रंपेट कुठं थांबेल आणि व्हायोलिनं कुठं उचलतील हे ठरवणारे गोव्याचे अरेंजर, सेबॅस्टियन डिसोझा असोत, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस असोत, लेबलवर नसतात. ही चूक होती. त्या काळची रीत म्हणून सोडून द्यावी इतकी लहान नव्हती.

तीन वर्षं पुढे सरका, पण हा पट्टा सोडू नका. ऑगस्ट 1954, तलासरीच्या पूर्वेची हद्द. पलीकडे दादरा आणि नगर हवेली, पोर्तुगालच्या झेंड्याखाली. 2 ऑगस्टला सिल्वासा मुक्त होतं, आणि ज्या तुकडीनं ते केलं तिच्यात सुधीर फडके आहेत. बाबूजी! हार्मोनियमवर बोटं ठेवणारा हा माणूस पावसात चिखल तुडवत सीमा ओलांडतोय. या मोहिमेला पैसा हवा म्हणून लताबाईंनी पुण्यात हिराबागेत कार्यक्रम केला. 'शोला जो भडके'तला तोच आवाज. आणि पलीकडचं ते राज्य तेच, ज्याच्या चर्चच्या शाळांत चिकच्या पिढीनं स्वर वाचायला शिकून घेतलं होतं. तलासरीच्या हद्दीवर उभं राहिलं की हे सगळे धागे एकाच पायवाटेवर येऊन मिळतात. मुंबईत बसून हे दिसत नाही.

आता जरा लांबचा पल्ला. 1948 मध्ये कोलंबिया कंपनीनं लाँग प्ले काढलीय. लाखेऐवजी व्हिनाइल, मिनिटाला 33 आणि एक तृतीयांश फेरे, एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त. तीन मिनिटांचा फास सुटला. 2 मार्च 1959, न्यूयॉर्क, तिसावी स्ट्रीट. पूर्वी चर्च असलेली उंच छताची इमारत, आता कोलंबियाचा स्टुडिओ. माइल्स डेव्हिस ट्रंपेटवर, जॉन कोल्ट्रेन टेनरवर, कॅननबॉल अ‍ॅडर्ली आल्टोवर, बिल इव्हान्स पियानोवर, पॉल चेंबर्स बासवर, जिमी कॉब ड्रमवर. तालमी जवळजवळ नाहीत. तुम्ही कोपऱ्यात उभे राहा, बोलू नका.

'सो व्हॉट' सुरू होतं. बास एक वाक्य म्हणतो, बाकीचे दोन आघातांत त्याला होकार देतात. आता तुमच्या मराठी कानानं ऐका. कोमल गंधार, कोमल निषाद, बाकी शुद्ध: ही काफीची स्वरावली आहे. या आधीच्या जॅझमध्ये दर दोन-चार मात्रांना खालची स्वरसंगती बदलायची आणि वादकाला तिच्या मागं धावावं लागायचं. माइल्सनं ती धावपळ काढून टाकली. एक स्वरावली दिली आणि म्हटलं, आता हिच्यात राहा. ख्याल ऐकून वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एक गोष्ट मात्र आपल्याला चकवते. मध्येच सगळा डोलारा अर्ध्या स्वरानं वर सरकतो, आठ आवर्तनं तिथं राहतो आणि परत खाली येतो. आपल्याकडे मैफल उठेपर्यंत सा हलत नाही. इथं पायाखालची जमीनच उचलली जाते. पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं. दहाव्यांदा तुम्ही त्या क्षणाची वाट बघायला लागता.

'सो व्हॉट' ज्या 'काइंड ऑफ ब्लू' या एलपीवर आहे, तिची एक गंमत जाणकारांना फार प्रिय आहे. त्या दिवशी मुद्रणाचं टेपयंत्र थोडं मंद चाललं होतं. त्यामुळे योग्य वेगानं वाजवल्यावर पहिली बाजू जरा चढी लागते. तेहतीस वर्षं जगानं 'काइंड ऑफ ब्लू'ची पहिली बाजू मूळ सुरापेक्षा चढीच ऐकली. 1992 मध्ये दुसऱ्या टेपवरून ती सुधारली. तंबोरा लावून तिच्याबरोबर बसायचा प्रयत्न केलात आणि जमलं नाही, तर आधी रेकॉर्डीचं साल बघा.

पण 1959 च्या डहाणूत ही एलपी आहे कुठं? आयात महाग, एलपी वाजवायचं यंत्र त्याहून महाग. आपल्याकडे 78 च्या रेकॉर्डी इतक्या टिकल्या की 1960 च्या दशकात बीटल्सची गाणीसुद्धा इथं 78 वर छापली गेली. ज्या गावात वीज नाही तिथं चावीचाच फोनो चालणार. मग रात्री रेडिओ लावा. शॉर्टवेव्हवर, समुद्रावरून येणाऱ्या खरखरीतून, ड्यूक एलिंग्टनचं 'टेक द ए ट्रेन' ऐकू येईल आणि विलिस कोनोव्हर हळूहळू, एकेक शब्द सुटा करत बोलू लागेल. 1955 पासून व्हॉइस ऑफ अमेरिकावरून हा माणूस जगाला जॅझ ऐकवतोय.

पुढची वर्षं भराभर. 1958 मध्ये डेव्ह ब्रूबेक मुंबईत वाजवून गेलाय. 1963 मध्ये एलिंग्टन स्वतः आपला वाद्यवृंद घेऊन भारतात येतो, आणि तीन वर्षांनी 'फार ईस्ट स्वीट' मुद्रित करतो तेव्हा त्यात दिल्लीतल्या एका साळुंकीची शीळ क्लॅरिनेटवर असते. 1978 च्या फेब्रुवारीत धोबीतलावच्या रंगभवनात, उघड्या आभाळाखाली, निरंजन झवेरींनी उभारलेली पहिली जॅझ यात्रा; सॉनी रॉलिन्स वाजवतोय. तिथं तुम्ही जितका वेळ थांबाल तितका कमीच, पण आपल्याला परतीची गाडी गाठायचीय.

कारण एक वादक अजून ऐकायचा राहिलाय. कुठलंही साल घ्या, फक्त भात पिकलेलं असू द्या. तलासरीच्या आत, पाड्यावर, रात्र. वाळक्या दुध्याचा भोपळा, त्यात मेणानं बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा लांब कर्णा. तारपा. वाजवणारा मधोमध, आणि कमरेला हात गुंफून त्याच्याभोवती वेटोळं घालत सरकणारी पोरं आणि पोरी. तारपकऱ्याच्या गालांकडे बघा. नाकानं श्वास घेताना गालांतली हवा नळीत जातच राहते. सूर तुटत नाही. हीच विद्या साधायला मोठमोठ्या सॅक्सोफोनवाल्यांनी वर्षं घातली. चाल बदलायची असं तारपकरी ठरवतो, कोणाला सांगत नाही, फक्त वाजवतो. आणि चार पावलांत सगळं वेटोळं नवी चाल उचलतं. नाचघरात क्रिकेट स्मिथ ट्रंपेट जरा वर उचलायचा आणि बँड वळायचा, तेच हे. गंजाडच्या जिव्या सोमा मशेंनी हा नाच तांदळाच्या पिठानं रंगवून जगभर नेला. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्र सगळ्यांच्या भिंतीवर पोचलं. आवाज पोचला नाही.

जॅझचं आणि तारप्याचं मूळ एक आहे असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं खोटं ठरेल. मी एवढंच म्हणतो की ज्या कानाला तारप्याचा अखंड सूर ओळखीचा आहे त्याला कोल्ट्रेनचं 1961 मधलं 'इंडिया' उमगायला अडचण पडू नये. दोन बास मिळून खालचा सूर धरून ठेवतात आणि वर सोप्रानो सॅक्सोफोन फिरत राहतो. मी ते नेहमी रात्रीच लावतो, आणि ऐकताना पहिली आठवण तंबोऱ्याची येत नाही, तारप्याची येते.

आता आजच्या तारखेला या. चर्चगेटहून निघालेली लोकल 2013 पासून थेट डहाणूपर्यंत येते. काळा घोड्याचं र्‍हिदम हाउस, जिथं उभं राहून कितीजणांनी आयुष्यातली पहिली जॅझची एलपी ऐकली, ते 2016 मध्ये बंद झालं. चोरबाजारात मटन स्ट्रीटवर अजून रेकॉर्डी मिळतात, पण मला खरी आशा आहे ती जुन्या घरांची. डहाणू, घोलवड, बोर्डीच्या वाड्यांत, माळ्यावर, लोखंडी ट्रंकांत, चिकूच्या रिकाम्या खोक्यांत काय काय पडलं असेल! नरेश फर्नांडिस यांनी 2012 च्या 'ताज महाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात मुंबईच्या जॅझची गोष्ट जुळवली ती अशाच घरांतून निघालेल्या तबकड्या, फोटो आणि आठवणी गोळा करून.

अशी एखादी ट्रंक उघडलीत तर आधी वेग बघा. 78 ची रेकॉर्ड एलपीच्या सुईनं वाजवू नका. 78 ची खाच सुमारे तिप्पट रुंद असते, बारीक सुई तळाला जाऊन नुसती खरखर ऐकवते, आणि सुईही जाते. 78 साठी वेगळी, जाड टोकाची सुई मिळते, ती बसवा. चावीचा फोनो असेल तर प्रत्येक बाजूला नवी पोलादी सुई, कंजुषी नको. समुद्राकाठच्या दमट हवेत रेकॉर्डींवर पांढरी बुरशी धरते. ती काढायला लाखेच्या रेकॉर्डीला स्पिरिट किंवा सॅनिटायझर चुकूनही लावू नका. सुतार लाखेचं पॉलिश करताना ती स्पिरिटमध्येच विरघळवतो, तशी तुमची रेकॉर्डही विरघळेल. साधं शुद्ध पाणी, साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, खाचेच्या दिशेनं, आणि मधलं लेबल कोरडं ठेवून. मग उभ्या ठेवा. आडव्या चळतीत खालच्या तडकतात. एलपीची आतली प्लॅस्टिकची पिशवी चिकट झाली असेल तर ती फेका आणि कागदी घाला. ऊन लागू देऊ नका.

मग वाजवा, आणि काम करता करता वाजवू नका. एक बाजू पूर्ण होईपर्यंत बसा. लेबल वाचा, आणि लेबलवर जे नाही तेही विचारा: ट्रंपेट कोणाचा, पियानो कोणाचा. हळदोण्यात, कुडचड्यात, वांद्र्याच्या जुन्या गावठाणांत उत्तरं देणारी माणसं अजून आहेत. ती फार काळ असणार नाहीत.

एक शेवटची विनंती. घरात जुन्या रेकॉर्डी असतील तर भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. आधी प्रत्येक लेबलचा फोटो काढा आणि जाणकाराला दाखवा, एखाद्या पाकिटात क्रिकेट स्मिथ निघू शकतो. आणि भात पिकल्यावर डहाणू-तलासरीच्या पाड्यावर कोणी बोलावलं तर चांगला मायक्रोफोन घेऊन जा. तारपकऱ्याची परवानगी घ्या, त्याचं नाव आणि पाड्याचं नाव लिहून घ्या, त्याच्या रात्रीचा योग्य मोबदला द्या, आणि तीन मिनिटांवर थांबू नका. तारप्याचा नाच रात्रभर चालतो. रात्रभराचं मुद्रण करा आणि त्याची एक प्रत त्याच्या घरी द्या.